टबातली रांगोळी

काय करता, असं कुणी विचारलं की मी सांगते, कचरा चिकटवते. विचारणाऱ्याला वाटतं बाई थट्टा करतायत. मग तो दुकानात डोकावतो आणि त्याला पटतं. टेबलावर एसटीची तिकिटं, बियाण्याची रिकामी पाकिटं, ब्लाउजपिसाच्या चिंध्या, कांद्याची साल, वाळलेला झेंडू, कुणाच्या तरी चष्म्याची तुटकी काडी. हे सगळं कागदावर मांडायचं, चिकटवायचं, त्यावर रंग, दोरा, चार शब्द. अशा पानांची वही झाली की तिला आम्ही चिकटवही म्हणतो. कागदही माझाच, घरी केलेला.

शिरूरला आमच्या ह्यांचा लग्नपत्रिका छापायचा छोटा छापखाना होता. लोक मोबाइलवर पत्रिका पाठवायला लागले आणि छापखान्यात कागद कापायचं मशीन, डिंकाचा डबा आणि मी, एवढंच उरलं. तिघांनी मिळून काय होतंय ते बघू म्हटलं. त्याला आता बरीच वर्षं झाली. मुलांचे वाढदिवस, बारशी, रुखवतं, शाळेचे वर्ग, सगळं करून झालं. आता डोळ्यांना कमी दिसतं, चिमटा हातात थरथरतो, म्हणून मोठी कामं घेत नाही. पण दुकान उघडल्याशिवाय जेवण जात नाही.

कागद करणं ही काही फार मोठी विद्या नाही. ज्याला भाकरी थापता येते त्याला कागद काढता येतो, आणि ज्याला येत नाही त्यालाही येतो. दौंडकडच्या गुऱ्हाळावरून उसाचं चिपाड आणायचं, सोड्यात उकळायचं, धुवायचं, परत धुवायचं आणि कंटाळा आला की अजून एकदा धुवायचं. कारण चिपाडात गोडी राहिली तर कागदाला मुंग्या लागतात. एका बारशाला माझ्या कागदाच्या पत्रिका गेल्या आणि पाहुण्यांच्या हातात पत्रिकेआधी मुंग्या पडल्या. तेव्हापासून मी तिसऱ्या धुण्याला कधी चुकले नाही. धुतलेल्या चिपाडात भिजवलेली रद्दी घालायची, मिक्सरमध्ये फिरवायची, की झाला लगदा. तो पाण्याच्या टबात सोडायचा. लाकडी चौकटीला मच्छरदाणीची जाळी ठोकलेली असते. ती टबात आडवी बुडवून अलगद वर उचलली की पाणी खाली गळतं आणि जाळीवर सायीसारखा थर राहतो. तो कापडावर पालथा घालायचा, दाबायचा, सावलीत वाळवायचा. कांद्याची साल घातली असेल तर तांबूस ठिपके दिसतात, झेंडू घातला असेल तर पिवळे.

गिऱ्हाईकं मात्र नाना तऱ्हेची. रांजणगावच्या एका कंपनीनं साहेब लोकांचा ताण हलका व्हावा म्हणून मला बोलावलं होतं. मी म्हटलं, कागद हातानं फाडा, कात्री नको. एक साहेब कागद हातात धरून बसून राहिले. म्हणाले, “फाडला तर चालेल ना?” स्वतःच्याच कागदाची परवानगी मागत होते. शेवटी फाडला आणि असे खूश झाले की शेजारच्याचाही फाडला. तिथून भांडण सुरू झालं. ताण किती हलका झाला ते कंपनीला माहीत.

शिक्रापूरला खोली घेऊन राहणारा एक ट्रकवाला यायचा, बिहारकडचा. टोलच्या पावत्या घेऊन यायचा. “मेरी बेटी को दिखाना है, बाप किधर-किधर जाता है,” म्हणायचा. आम्ही कागदाचा लांबलचक रस्ता केला, घडी घातलेला, उलगडला की दारापर्यंत पोचायचा. गावी जाताना त्यानं तो ड्रायव्हर सीटच्या मागं गणपतीच्या फोटोशेजारी ठेवला. पुढं काय झालं कळलं नाही. ती मुलगी तो रस्ता उलगडत असेल असं मी आपलं समजते आणि मला बरं वाटतं.

पण मला सांगायचंय ते सोपानरावांचं.

सोपानराव पहिल्यांदा आले ते हिवाळ्यात, सकाळी मार्केटला झेंडू टाकून परत जाताना. घोडनदीच्या काठाला त्यांचं रान, कांदा आणि फुलं. दारातच चपला काढल्या आणि पिशवी छातीशी धरून उभे राहिले.

“रुखवत तुमीच करता न्हवं?”

“करते की. कागदाची फुलं, विडे, तुळशीवृंदावन. काय करून देऊ?”

“करून नको. शिकवा.”

“कुणाला?”

“मला.”

मी त्यांच्या हातांकडे बघितलं. कांद्याच्या गोण्या उचलून उचलून रुंद झालेले, नखात माती. या हातांनी कागदाची पाकळी धरायची म्हणजे अवघडच. पण माणूस हटून उभा होता. मी बसवलं, चहा सांगितला, आणि मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

त्यांच्या मंडळी, मंदाताई, आजारपणात गेल्या होत्या. एकच मुलगी, अश्विनी. रांजणगावला कंपनीत क्वालिटीला. तिचं लग्न दौंड तालुक्यात ठरलं होतं, भीमेकाठच्या गावात. आणि पोरीनं बापाला बजावलं होतं की रुखवत मांडायचं नाही.

आमच्याकडे रुखवत नुसतं बघून कुणी पुढं जात नाही. मुलाकडच्या बायका एकेका वस्तूवर बोट ठेवून विचारतात, हे कुणी केलं? मामीनं, चुलतीनं, मावशीनं अशी उत्तरं देत मुलीकडच्या बायका शेजारी उभ्या असतात. आणि एक प्रश्न ठरलेलाच, आईच्या हातचं कुठलं? आता बऱ्याच आया माझ्याकडून विकत नेतात आणि बिनधास्त ‘मीच केलंय’ म्हणून सांगतात. मी हॉलमध्ये असले तर मीही मान हलवते. धंदा आहे. पण अश्विनीचं म्हणणं होतं, आई न्हाई तर आईच्या हातचं कुठनं आणायचं? विकतचं मांडून खोटं सांगायला मला जमणार न्हाई.

सोपानरावांनी पिशवीतून एक वही काढली. अश्विनीच्या शाळेची, अर्धी कोरी राहिलेली. त्या कोऱ्या अर्ध्यात मंदाताईंनी निळ्या बॉलपेननं ठिपक्यांच्या रांगोळ्या काढून ठेवल्या होत्या. मोर, कमळ, कासव, गोपद्मं. दिवाळीत आळीतल्या सगळ्या बायका ही वही मागून न्यायच्या म्हणे.

“तिनं काय विणलं न्हाई, काय भरलं न्हाई,” सोपानराव म्हणाले. “रानातच जल्म गेला तिचा. हातचं म्हणावं आसं येवढंच हाय. पोरीच्या रुखवतात तिच्या आईचं येवढं आलं पायजे, ताई. आन् पोरीला आदी कळू द्यायचं न्हाई.”

मी म्हटलं, सोपं आहे. तुमच्या हातानं कागद करा, त्याची छान वही बांधू आणि मंदाताईंची पानं तिच्यात लावू. आधी कागद शिका, तोवर ही घरी कपाटात ठेवा.

मग मार्केट झालं की ते यायला लागले. कात्री त्यांना शेवटपर्यंत जमली नाही. डिंकाचं तर विचारू नका, एकदा माझी पट्टी टेबलाला कायमची चिकटवून ठेवली, ती अजून तिथंच आहे. पण चौकट मात्र अशी धरणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. वाफ्यात पाणी सोडण्यात आयुष्य गेलेलं. चौकट टबातून उचलली की थर चारी कोपऱ्यांना सारखा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या कॉलेजच्या मुली बघत राहायच्या आणि हे लाजून मिशीवर हात फिरवायचे.

टबात काय काय जातं याची त्यांना फार चौकशी. मी सगळ्यांना सांगते तेच त्यांना सांगितलं, लगद्यात चांगलं घातलं तर कागद चांगला निघतो, सडकं घातलं तर सडका. म्हणजे रद्दी स्वच्छ घ्या, प्लॅस्टिकची नको, तेलकट नको. त्यांनी मान डोलावली. कागद बऱ्यापैकी साठला तसं मी म्हटलं, पुढच्या खेपेला वही घेऊन या, कुठलं पान कुठं लावायचं ते ठरवू.

त्या खेपेला मी दुकानात नव्हते. चिपाड आणायला दौंडला गेले होते. किल्ली शेजारच्या चहावाल्याकडे असते. दुपारी परत आले तर सोपानराव टबाशेजारी स्टुलावर बसलेले, धुतलेला पांढरा शर्ट घालून, घरात कार्य असल्यासारखे.

“घातलं, ताई,” ते म्हणाले.

“काय घातलं?”

“तिची वही.”

मी टबात बघितलं. पाण्यावर निळे ठिपके तरंगत होते. बोटाएवढे तुकडे, अगदी मी शिकवले होते तसे, एकसारखे, निगुतीनं फाडलेले. मी चिपाडाचं पोतं तिथंच खाली टाकलं.

“तुमीच म्हनला न्हवं, चांगलं घाटलं तर चांगला निघतो,” सोपानराव उत्साहानं सांगत होते. “घरात तिच्याहून चांगलं काय न्हवतं. आमी बियानं धरायला समद्यात चांगला कांदा निवडून ठिवतो, ताई. खात न्हाई, इकत न्हाई. मातीत लावतो. तवा त्याला फूल येतं, आन् बी मिळतं. म्हनलं, येका पानावर कशाला, समद्या कागदात येऊ दे तिला.”

बोलता बोलता ते थांबले. माझ्या तोंडाकडे बघितलं, टबाकडे बघितलं.

“उगवनार न्हाई व्हय?”

या धंद्यात मी पुष्कळ रडणारी माणसं बघितली. मेलेल्या माणसांचे फोटो घेऊन लोक माझ्याकडेच येतात. पण तो प्रश्न मला अजूनही सोसत नाही.

“नाही हो, सोपानराव,” मी म्हणाले. “लगद्यात गेलं की सगळं एक होतं. ठिपकाही राहत नाही.”

त्यांनी बाही वर सारून टबात हात घालायला घेतला. मी तो धरला. ढवळलं असतं तर होतं तेही गेलं असतं. मिक्सरला लावलं नव्हतं, एवढं नशीब. आम्ही जाळीवर एकेक तुकडा झेलला आणि कापडावर पसरला. टेबल भरलं, खुर्च्या भरल्या, फरशीवर जुनी चादर अंथरली तीही भरली. बॉलपेनची शाई पाण्यानं फुटत नाही म्हणून रेघा शाबूत होत्या. पण कागद शाळेच्या वहीचा, काही तुकडे बोट लागताच विरघळायचे. तसा एक विरघळला की सोपानराव डोळे मिटून घ्यायचे.

मग त्यांनी स्वतःच फोन लावला. “अशे, सुटलीस की शिरूरला ये. न्हाई, मला काय झालं न्हाई. तू ये.”

अश्विनी आली ती कंपनीच्या गणवेशात, गळ्यात ओळखपत्र, तोंडाला स्कार्फ. बापाला धडधाकट बघून तिनं आधी सुटकेचा निःश्वास सोडला. मग चादरीकडे नजर गेली. तिला विचारावं लागलं नाही. आईच्या ठिपक्यांचं वळण लेकीला कळतंच.

“आप्पा, आईची वही?”

“म्या भिजवली,” सोपानराव म्हणाले. “तुझ्या रुखवतासाठी. कागदात येईल म्हनून.”

‘चांगलं घातलं तर चांगला निघतो’ हे मी शिकवलं होतं, त्याचा त्यात एक शब्द नाही. मी सांगायला गेले तर मला हातानं थांबवलं.

“मी म्हणलं हुतं ना, रुखवत नको म्हणून? कशाला केलंत?” अश्विनीचा आवाज चढला आणि मधेच तुटला. “येवढं एकच हुतं आप्पा आपल्याकडं. येवढं एकच.”

ती बाहेर जाऊन पायरीवर बसली. सोपानराव ओले हात अंगापासून लांब धरून तसेच उभे. मी चहा ठेवला. मला खरं तर त्या दोघांना जवळ घ्यावंसं वाटत होतं, पण ती माणसं तशी नव्हती आणि मीही नाही.

बऱ्याच वेळानं अश्विनी आत आली. स्कार्फनं तोंड पुसलं, ओळखपत्र पाठीवर टाकलं आणि चादरीशी मांडी घालून बसली.

“चिमटा हाय का मावशी?”

कंपनीत दिवसभर सुटे भाग तपासायचं तिचं काम. तशीच ती तुकडे निवडायला लागली. नुसत्या ठिपक्यांचे एकीकडे, सरळ रेघांचे एकीकडे, वळणाचे एकीकडे. सोपानराव समोर बसले आणि वाळलेले तुकडे आपल्या हातच्या कागदावर चिकटवू लागले.

“आप्पा, हे मोराचं हाय,” मधेच ती म्हणाली.

“मग?”

“मोराला खाली कमळ लावलंय तुमी.”

सोपानरावांनी डोळे बारीक करून बघितलं. मानेपर्यंत मोर, पुढं पिसाऱ्याच्या जागी उमललेलं कमळ. काढायला नख लावलं तर तुकडा फाटायला लागला. “राहू द्या, राहू द्या!” दोघी एकदम ओरडलो. अश्विनीनं माझ्या टेबलावरचं निळं पेन उचललं आणि मोराची मान जिथं तुटत होती तिथून कमळाच्या पाकळीपर्यंत रेघ ओढली. मग दुसरी. लांब धरून बघितलं. आणि तिला हसू फुटलं. “आईनं बघितलं असतं तर काय म्हणली असती?”

“मला घराभाईर काढलं आसतं,” सोपानराव म्हणाले, आणि मग दोघं हसता हसता रडायला लागली. चहा गार झाला तो मी परत तापवला.

त्यानंतर लग्नापर्यंत जमेल तेव्हा दोघं यायची. जुळवायचा हट्ट सुटला होता. कासवाच्या पाठीवर सूर्य उगवला. गोपद्मं तिच्या कंपनीच्या बसपासावरून चालत निघाली. तुळशीवृंदावनाला बटणाची चाकं लागली. मंदाताईंच्या ब्लाउजच्या काठाची नदी झाली आणि तिच्यावर कांद्याच्या गोणीची जाळी पडली. बियाण्याच्या पाकिटाचं घर, झेंडूच्या पाकळ्यांचं शेत. अशी खट्याळ पानं माझ्या दुकानात त्याआधी झाली नव्हती, नंतरही नाही. मी फक्त डिंक पुरवला. मुलींना शिकवताना मी अजून सांगते, जुळवू नका, पण तसं नुसतं सांगून येत नाही.

जे तुकडे हातात धरण्यापलीकडचे झाले होते ते अश्विनीनंच शेवटी लगद्यात घालायला सांगितले. त्याचे वहीचे पुठ्ठे काढले. उजेडात धरले तर आत केसासारखे निळे तंतू दिसायचे. सोपानराव एक पुठ्ठा खिडकीपाशी घेऊन गेले आणि कितीतरी वेळ तिथंच उभे राहिले. “थोडी आली बघा,” म्हणाले.

लग्नाला मी गेले होते. रुखवत मांडायला अश्विनीनं आता हो म्हटलं होतं. रुखवताच्या टेबलावर इतर कुणी काय काय मांडलं होतं आणि मधोमध ही वही. रुखवतापाशी पुरुष थांबत नाहीत, पण सोपानराव फेटा बांधून तिथंच, बायकांच्या घोळक्यात. अश्विनी आत शालू नेसत होती. मुलाकडच्या बायका आल्या. अश्विनीच्या सासूबाईंचं नाव आधीच कानावर होतं, कडक बाई, कोंबडीसुद्धा अंगणात विचारून येते म्हणे. कुणीतरी सवयीनं विचारून गेलं, “आईच्या हातचं कुठलं?” आणि लगेच जीभ चावली.

“ही वही,” सोपानराव म्हणाले. “ठिपके तिचे हायेत. चिकटवलंय म्या. रेघा पोरीनं वढल्यात.”

सासूबाईंनी वही उघडली. एकेक पान उलटत मोरापाशी आल्या. “आसली रांगोळी कुठं आसती व्हय?”

“आता हाय,” सोपानराव म्हणाले. आवाज बारीक, पण म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, वही मिटली आणि काखोटीला मारली. रुखवतातली वस्तू अशी मांडवातूनच उचलून नेलेली मी तेवढीच बघितली. रागावल्या की काय, कळायला मार्ग नव्हता. सोपानरावांनाही घोर लागला असावा. पुढं महिनोनमहिने मार्केटवरून जाताना ते दुकानात डोकवायचे, पण त्या वहीचं नाव काढायचे नाहीत.

पहिल्या दिवाळीला लेकीला आणायला मुराळी जातो. अश्विनीला भाऊ नाही, म्हणून सोपानरावच निघाले. मला गुऱ्हाळावर जायचं होतं, त्यांच्या पिकअपमध्ये मीही बसले. वाटेत त्यांनी दोनदा फराळाची पिशवी तपासली आणि एकदा आरशात मिशी.

त्या घराचं अंगण सारवून लख्ख केलेलं. आणि दारापुढं, उंबऱ्यापासून पायरीपर्यंत जवळजवळ सगळी जागा व्यापून, मोर. मानेपर्यंत मोर आणि पिसाऱ्याच्या जागी कमळ. एकेक ठिपका जागच्या जागी, अश्विनीनं ओढलेल्या त्या दोन जोडरेघांसकट.

सासूबाई रांगोळीची वाटी हातात घेऊन बाजूला उभ्या होत्या. “या भाऊ. सकाळधरनं बसले हुते. मान सरळ आली, पन त्या कमळापाशी लई घोळ झाला बघा. पोरगी म्हनली मी काढते, म्हनलं न्हाई, विहीनबाईंची हाय, मीच काढनार.”

सोपानराव पायरीखालीच थांबले. कमळ तिथं कुणी लावलं होतं ते आम्हाला ठाऊक होतं. मी काही बोलले नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

“या की आत,” सासूबाई म्हणाल्या. “बाजूनं पाय ठिवायला जागा हाय. पुसली तर पुसू द्या, उद्या परत काढायचीच.”

“मंदा रोज वरडायची,” सोपानराव माझ्याकडे न बघता म्हणाले. “रांगोळी हाय, बाजूनं जा. म्या रोज मधनंच गेलो.”

त्यांनी चपला काढल्या, पिशवी उचलली आणि घराला वळसा घालून गोठ्याच्या अंगानं निघाले. तेवढ्यात अश्विनी आतून तांब्या घेऊन आली आणि पुढच्या दारात बापाची वाट बघत उभी राहिली. तो मागच्या दारानं आत येऊन तिच्या पाठीशी उभा राहिला तरी तिला कळलं नाही.